फिलिपिन्सला (इलोइलो) मित्राच्या घरी मे महिन्यात पाहुणे म्हणून जातोय. काय न्यावं, कसं वागावं, काय खावं?

खलाशी_वहिनी (देवगड)

मिस्टर जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत. त्यांच्या जहाजावरचे बोसन (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) फिलिपिन्सचे, इलोइलो प्रांतातल्या मियागावचे. त्यांनी आम्हाला मे महिन्यात घरी बोलावलंय. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६८) असे तिघं जाणार, मुक्काम दहा दिवस त्यांच्याच घरी.

हॉटेलात राहायचं असतं तर विचारलं नसतं. कुणाच्या घरी राहायचं म्हणजे रीतभात आली. त्यांच्या घरात फार वयस्कर आजी आहेत, त्यांना नमस्कार कसा करायचा? आमच्याकडे मे म्हणजे हापूस, तर एक पेटी नेता येईल का? गिमारास नावाच्या बेटावर ते आम्हाला आंबे बघायला नेणार आहेत. सासूबाई मासे खातात, कोंबडी चालते, पण डुक्कर आणि गोमांस अजिबात नाही, सोमवारी तर पूर्ण शाकाहार. एखाद्या दिवशी त्यांच्या चुलीवर आपलं काही करून घालावं असंही मनात आहे.

"मजा करा, छान देश आहे" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या, नेमकं सांगा.

डेकवरचा_काका (रत्नागिरी)

वहिनी, आधी कागद, मग रीतभात.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. ही मुदत तिथे वाढवून मिळत नाही, म्हणून परतीचं तिकीट चौदाव्या दिवसाचं काढू नका. एखादं विमान रद्द झालं तरी हातात दोन दिवस राहिले पाहिजेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा विचारतात. तुम्ही घरी उतरणार, म्हणजे हॉटेलचं बुकिंग नसणार. यजमानांकडून पूर्ण पत्ता, फोन नंबर आणि "हे आमच्याकडे राहतील" असं सहीचं पत्र मागवा, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. निघण्याआधीच्या ७२ तासांत 'ई-ट्रॅव्हल' या सरकारी साइटवर नोंदणी करून क्यूआर कोड घ्यायचा. ती फुकट असते. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा.

मुंबईहून सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे जाताना दोन वेगळी तिकिटं काढाल तर सामान मधेच ताब्यात घ्यावं लागेल आणि त्या देशात शिरायचे नियम लागू होतील. मनीलापर्यंत एकच तिकीट काढा. मनीलाला टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत आणि रस्त्यात वाहतूक तुंबते, त्यामुळे इलोइलोच्या विमानाला चार तासांचं अंतर ठेवा. इलोइलोहून मियागाव साधारण ४० किलोमीटर. प्लगला चपट्या दोन पिना लागतात, आपल्या गोल पिना बसत नाहीत, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

आता घरात शिरताना. चपला दाराबाहेर, आपल्यासारखंच. सगळ्यात आधी आजींकडे जायचं, यजमानांशी गप्पा नंतर. आजी हात पुढे करतील, तळवा खाली. तो हात हलकेच धरायचा, थोडं वाकायचं आणि त्यांच्या हाताची मागची बाजू आपल्या कपाळाला लावायची. हाताचा मुका घ्यायचा नाही. याला 'मानो' म्हणतात, हल्ली घरोघरी नुसतं 'ब्लेस' म्हणतात. पायाला हात लावायला जाल तर आजी गोंधळून तुम्हालाच उठवायला धावतील. सासूबाई स्वतः वडीलधाऱ्या, तेव्हा त्या घरातली पोरं त्यांचाही हात कपाळाला लावतील. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या शेकहँडसाठी हात ओढून घेतील.

नावाने एकेरी हाक मोठ्यांना मारत नाहीत. त्या भागात थोरल्या पुरुषाला 'मानोंग', बाईला 'मानांग', आजीला 'लोला', आजोबांना 'लोलो'. मनीलाकडचं 'कुया' (दादा) आणि 'आते' (ताई) पण समजतात.

हावभावांचं थोडं. भुवया वर उडवल्या म्हणजे हो. दिशा दाखवायला ओठांचा चंबू करतात, त्यात टिंगल नसते. बोट वाकडं करून कुणाला बोलवू नका, तळहात खाली ठेवून बोलवा. दोन माणसं बोलत असतील आणि मधून जायचं असेल तर किंचित वाकून, एक हात पुढे करून जायचं. आणि आवाज! इलोंगो (इलोइलोकडच्या) माणसाचं बोलणं मऊ, हेल काढून. आपल्या कोकणी घरातल्या साध्या गप्पासुद्धा तिथे भांडण वाटतील. कमरेवर हात ठेवून मोठ्याने बोललात की यजमानीण समजते, आपलंच काहीतरी चुकलं.

तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना जड जातं. "बघू", "कदाचित" असं उत्तर आलं की तो विषय तिथेच सोडा, पुन्हा पुन्हा विचारून त्यांना अडचणीत आणू नका.

पैशांचं: मुक्कामाचे पैसे पाकिटात घालून देऊ नका, अपमान होतो. त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजारात बरोबर जाऊन मासळी, फळं, तांदळाची पिशवी तुम्ही विकत घ्या. एक दिवस सगळ्या घराला बाहेर जेवायला न्या आणि बोलावताना स्पष्ट सांगा की हे आमच्याकडून. जो बोलावतो तो बिल देतो, हा तिथला नियम. "सगळ्या घराला" म्हणजे पंधरा माणसं धरून चला, चुलत-मावस सगळे येतात. एटीएम दर वेळी सुमारे २५० पेसो कापतं, म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदम काढा.

कलमबाग (पावस)

हापूसची पेटी न्यायची नाही. ताजं फळ, रोप, बी, कोय यातलं काहीही फिलिपिन्समध्ये नेताना त्यांच्या वनस्पती विभागाची आधी काढलेली आयात परवानगी आणि इथला फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचा) दाखला दोन्ही लागतात. हौशी प्रवाशाला ते जमणारं नाही. विमानतळावर पेटी जप्त होईल.

गिमारासची गोष्ट तर आणखी कडक. त्या बेटावर बाहेरचा आंबा आणायलाच बंदी आहे. फिलिपिन्सच्याच दुसऱ्या बेटावरचा आंबासुद्धा चालत नाही. कारण कोयीतला भुंगा. ही कीड अंडी घालते ती फळ लहान असताना, पिकलेल्या आंब्यावर वरून काहीच दिसत नाही, आणि भुंगा कोयीत बसून मैलोनमैल प्रवास करतो. भारतातल्या आंब्यात हा भुंगा आहे, म्हणून तर अमेरिकेला जाणारा हापूस २००७ पासून विकिरण करूनच जातो. गिमारासने बेट असण्याचा फायदा घेऊन स्वतःला त्यापासून दूर ठेवलंय. तेव्हा खिशात वाळलेली कोय, पिशवीच्या तळाशी विसरलेला आंबा, काही नको. इलोइलोच्या बाजारात घेतलेले आंबेसुद्धा बोटीत चढण्याआधी संपवा.

आंब्याचीच भेट द्यायची तर कारखान्यात सीलबंद केलेली आंबापोळी किंवा डबाबंद रस न्या, लेबल शाबूत ठेवा आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा. घरी घातलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली आंबापोळी नको.

तिथे गेल्यावर काय बघायचं ते सांगतो, कारण आंबेवाल्या माणसाला गिमारास नुसतं "गोड आंबा" म्हणून बघण्यासारखं नाही. जात कॅराबाओ: साल पातळ, रंग पिवळा, रेषा जवळपास नाही, गोडी भरपूर. हापूसचा वास त्याला नाही, हे यजमानांसमोर बोलू नका. तिथला मोहोर मुख्यतः फवारून आणतात. रामोन बार्बा या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात पोटॅशियम नायट्रेटच्या फवाऱ्याने मोहोर आणून दाखवला. प्रमाण एक टक्का, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो. त्याआधी झाडाखाली दिवसेंदिवस धूर करत. फवारा पक्व फुटीवरच चालतो. पालवी कोवळी असेल तर मोहोराऐवजी नवी पालवीच येते. कॅराबाओ जात या फवाऱ्याला जशी साथ देते तशी प्रत्येक जात देत नाही, त्यामुळे परत येऊन बागेत लगेच प्रयोग नकोत. आपल्याकडे दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस पॅक्लोब्युट्राझोलची (बाजारात 'कल्टार') आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली कल्टार, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. फवाऱ्यापासून साधारण ११० ते १२० दिवसांनी ते फळ उतरवतात आणि मधल्या काळात प्रत्येक फळाला कागदाची पिशवी बांधतात. ती कशी दुमडतात, काडीने कशी अडकवतात ते नीट पाहून या. ते काम इथेही जसंच्या तसं करता येतं.

बेटावर ट्रॅपिस्ट साधूंचा मठ आहे, तिथे आंब्याचा जॅम आणि बिस्किटं मिळतात. परतीची खरेदी तिथे करा.

चूल_आणि_चिंच (मालवण)

मासे खाणाऱ्याक थंय उपाशी रवूची पाळी येवची नाय. पण डुक्कर टाळणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण ते 'मटणाच्या डिशमध्ये' नसतं, भाजीत असतं.

सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही काय खात नाही ते दोन आठवडे आधी फोनवर सांगा. परदेशी पाहुणा येणार म्हटलं की लेचॉन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, मागवलं जातं. ते महाग असतं. ते समोर आल्यावर तोंड फिरवण्यापेक्षा आधी सांगितलेलं शंभर पटीने बरं. वाक्य लिहून घ्या: "इंदी आको गाकाओन सांग बाबॉय काग बाका." मी डुक्कर आणि गाय खात नाही.

डुक्कर कुठे लपतं: मुगाच्या आमटीत (मोंगो) वरून चिचारॉन, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कातडीचा चुरा. पान्सित या शेवयांत बारीक तुकडे. लुम्पियाच्या (तळलेल्या रोलच्या) सारणात. इलोइलोच्या प्रसिद्ध ला पाझ बाचॉयमध्ये (शेवयांच्या सूपमध्ये) तर डुकराची काळीज-आतडी आणि वर पुन्हा चिचारॉन, तेव्हा तो वाडगा सासूबाईंसाठी बादच. कधी कधी नुसत्या परतलेल्या पालेभाजीलाही चरबीची फोडणी असते. "मटण नको" म्हटलं तर ते तुकडे उचलून बाजूला करतील आणि तीच भाजी वाढतील, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून "बाबॉय" हा शब्द घेऊन विचारा.

निर्धास्त मागवण्यासारखं: इनासाल (कोळशावर भाजलेली कोंबडी, गवती चहा आणि शेंद्रीच्या तेलाची), इनिहाव (भाजलेला मासा), पाक्सिव (व्हिनेगर-आल्यात शिजवलेला मासा), कोळंबीचं सिनिगांग. सिनिगांगची आंबट चव चिंचेची असते किंवा बिमलीची. आपल्या परसातली बिमली ती हीच, तिथे कामियास.

आणि लास्वा. लाल भोपळा, भेंडी, वांगं, शेवग्याचा पाला पाण्यात उकडायचा, फोडणी नाही, तेल नाही. सासूबाईंना हे घरचं वाटेल. मात्र त्यात बहुतेकदा कोळंबी किंवा गिनामोस (आंबवलेल्या माशाची चटणी) घालतात, त्यामुळे सोमवारी तसंच चालणार नाही. सोमवारसाठी स्वयंपाकाच्या आधी, भांडं चुलीवर चढण्यापूर्वी सांगावं लागेल: गिनामोस नाही, पातिस (माशाचं पाणी) नाही, कोळंबी नाही, नुसतं मीठ. शिवाय इथून पोह्यांची दोन सीलबंद पाकिटं न्या. अंडं चालत असेल तर लसणाचा भात आणि अंडं हा नाश्ता कुठेही मिळेल.

कच्च्या माशाचं किनिलाव पुढे येईल: व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची, कधी नारळाचं दूध. चवीला अफलातून. पण व्हिनेगरने मांस पांढरं होतं, शिजत नाही, आणि माशातले जंत त्याने मरतात असं नाही. ६८ वर्षांच्या बाईंना मी देणार नाही. तुम्ही खाल्लंत तर त्याच सकाळी उतरलेल्या मासळीचंच खा. बाहेर तापलेला तार्ली-बांगड्यासारखा मासा असेल तर त्यात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) तयार होतं, ते आंबटाने किंवा गोठवूनही जात नाही.

जेवण चमचा-काट्याने: चमचा उजव्या हातात, काटा डाव्या, सुरी नाही. केळीच्या पानांवर सगळं मांडून हाताने जेवायचा बेत ठरला तर त्याला कामायान म्हणतात, तिथे तुम्ही सराईत ठराल. ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. दुपारी चारच्या सुमारास मेरिएंदा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, असते. ती खाऊन रात्री पुन्हा भरपेट जेवायचं असतं, तेव्हा दुपारी हात आखडता ठेवा.

खलाशी_वहिनी (देवगड)

काका, दादा, ताई, खूप आभार. पेटीचा विषय बंद. मग भेट म्हणून काय? आणि त्यांच्याकडचा एखादा पदार्थ जाण्यापूर्वी घरी करून बघावा म्हणतेय, म्हणजे सासूबाईंना चव कळेल.

चूल_आणि_चिंच (मालवण)

भेट: एक महागडी वस्तू नको, पुष्कळ छोटी पाकिटं हवीत. वेंगुर्ल्याचे सीलबंद काजू १०० ग्रॅमच्या पाकिटांत, वीस तरी. घरातले, शेजारी, गाडीवाला, चर्चच्या ओळखीतल्या बायका, सगळ्यांना वाटून होतं. आजींसाठी वेगळं काही, मऊ सुती शाल चालेल. तुमच्यासमोर पाकीट फोडणार नाहीत, तशीच रीत आहे, वाईट वाटून घेऊ नका.

घरी करायला कोंबडीचं आदोबो (व्हिनेगर-सोयात शिजवलेली कोंबडी) घ्या. हाडासकट कोंबडी १ किलो, व्हिनेगर १२० मिली, सोया सॉस ६० मिली, पाणी १५० मिली, लसणाचा एक गड्डा ठेचून, तमालपत्र ३, अख्खी मिरी १ चमचा. माडाचं व्हिनेगर सावंतवाडी-गोव्याकडे मिळतं, तेच घ्या. दुकानातलं पांढरं सिंथेटिक असेल तर ९० मिली व्हिनेगर आणि ३० मिली पाणी. स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या, अ‍ॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ नको. सोया सोडून सगळं एकत्र करून झाकण न ठेवता पाच मिनिटं खळखळ उकळा. नाकात जाणारा उग्र वास उतरला की सोया घालून झाकण ठेवा, मंद आचेवर ३० मिनिटं. "व्हिनेगर घातल्यावर ढवळू नये" असं तिकडच्या बायका सांगतात. ढवळल्याने आभाळ कोसळत नाही, झाकण उघडं ठेवून उकळणं हे खरं कारण. मग तुकडे काढून थोड्या तेलात लाल करा, रस आटवून वर ओता. मीठ अगदी शेवटी चाखून घाला. आधी घातलंत तर रस आटेपर्यंत खारट ढोण होतं.

इलोइलोकडे सोया कमी आणि रंगाला शेंद्री. २ मोठे चमचे तेलात १ चमचा बिया मंद आचेवर, तेल लाल झालं की बिया काढून टाका. तेल धुरावलं तर कडवट होतं.

पण खरा इलोंगो पदार्थ चाखायचा तर कादयोस, मानोक, उबाद: तूर, कोंबडी आणि केळीचा गाभा. अख्खी तूर १ वाटी रात्रभर भिजवून आधी एकटीच मऊ शिजवा. गाभा बारीक चिरून मीठ चोळून पिळा, नाहीतर तुरट लागतो. मग कोंबडी पाऊण किलो, गवती चहाच्या दोन काड्या ठेचून, गाभा, मीठ, ४० मिनिटं. याचाच डुकराचा भाऊ म्हणजे केबीएल (कादयोस, बाबॉय, लांगका), त्यात कच्चा फणस आणि आंबटाला बातुआन. बातुआन कोकमाच्याच गोत्रातलं झाड. इथे करताना बातुआनच्या जागी ५-६ आमसुलं टाका, पण तूर पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी गेलं की तूर टणक राहते.

तिथे करून घालायला उकडीचे मोदक. नारळ खोवून बाजारात मशीनवर मिळतो, केळीचं पान परसात. फक्त पीठ घेताना सांभाळा: 'मालागकित' म्हणजे चिकट तांदळाचं पीठ शेजारीच ठेवलेलं असतं, त्याची उकड चिवट होते आणि मोदक वाफेत बसतात. पाकिटावर साधं 'राइस फ्लोअर' लिहिलेलं घ्या. २ वाट्या पिठाला २ वाट्या पाणी, चमचाभर तेल, चिमूट मीठ. गुळाऐवजी मस्कोवादो (मळी न काढलेली) साखर, त्या भागात चांगली मिळते. २ वाट्या खोबऱ्याला पाऊण वाटी पुरे, मळीचा उतार जास्त असतो. वेलचीपूड सीलबंद पाकिटातली इथूनच न्या.

डेकवरचा_काका (रत्नागिरी)

बोटीचं राहिलं. इलोइलोच्या पारोला धक्क्यावरून गिमारासच्या होर्दानला साधारण वीस मिनिटं. ३ ऑगस्ट २०१९ला याच खाडीत वादळी झोतात तीन पंपबोटी (इंजिनाच्या होड्या) उलटल्या आणि ३१ माणसं गेली. तो नैऋत्य वाऱ्याचा हंगाम होता. तुम्ही मेमध्ये जाताय, समुद्र बहुधा शांत असेल, पण दुपारी गडगडाट होतो, म्हणून जाणं-येणं दोन्ही दुपारी एकच्या आत उरका. जॅकेटचे बंद बांधूनच बसा. पावसासाठी बाजूची ताडपत्री सोडली असेल तर वाऱ्यात ती शिडासारखी धरते आणि बोट उलटली तर माणूस आत अडकतो, तेव्हा उघड्या बाजूला बसा.

दुसऱ्या बेटांवर बांका होडीने नेलं तर एक लक्षात घ्या. आपल्या होडीला उलांडी (तोल सांभाळणारा बाजूचा दांडा) एका बाजूला, त्यांच्या होडीला दोन्ही बाजूंना. त्यामुळे ती धक्क्याला आडवी लागतच नाही, नाळेवरच्या (पुढच्या टोकाच्या) अरुंद फळीवरून चढावं लागतं. फळी ओली असते. सासूबाईंना चपला हातात घेऊन अनवाणी चढवा, पुढे एक माणूस, मागे एक.

मियागावचं दगडी चर्च १७९७ साली पूर्ण झालं, १९९३पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दर्शनी भिंतीवर संत क्रिस्तोफर बाळ येशूला पाठीवर घेऊन चक्क माडाला धरून उभा आहे, बाजूला पपई आणि पेरू कोरलेले. मेमध्ये संध्याकाळी पोरी फुलं वाहायला येतात. खांदे झाकलेले हवेत, प्रार्थना चालू असताना फोटो नको. नंतर मुलांना खाऊ वाटतात, तुमच्या काजूच्या पाकिटांतली दहा त्यासाठी वेगळी ठेवा.